कोकिळाच्या वाट्याचा रोट

शके १९१०, भाद्रपद शुद्ध पक्ष. इसवी सन १९८८, सप्टेंबर महिन्याची बावीस तारीख, गुरुवार. स्थळ जळगाव, जिल्हा न्यायालय. अर्जदार पितांबर झुलाल बोरसे, राहणार धरणगाव, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव. सामनेवाली यशोदाबाई पितांबर बोरसे, राहणार नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. अर्जाचा विषय, वय वर्षे सहा असलेली अज्ञान कन्या कोकिळा हिचा ताबा.

या मजकुरात तिघांची नावे आली. राहण्याचे ठिकाण मात्र दोघांचेच आले. तिसरीचे ठिकाण कोणते, एवढ्याच प्रश्नाचा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता, आणि पितांबर सकाळपासून न्यायालयाच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात त्या प्रश्नाचा राग करीत होता. मुलगी माझी आहे की नाही, मी तिला नीट सांभाळीन की नाही, माझे घर कसे, माझी आई कशी, असे काही कोणी विचारले असते तर त्याच्यापाशी उत्तरे होती. ती राहते कुठे, हे विचारण्यात काय हशील?

"हशील त्यातच आहे," चुडामण नाना म्हणाले. नाना त्याचे वकील. साठी उलटलेली, काळा कोट खांद्यांवर विटलेला, आणि पानाचा विडा गालात धरून बोलण्याची सवय अशी की साक्षीदार आधी त्या गालाकडे बघत आणि मग प्रश्नाकडे वळत. "कायदा असा आहे बाबा, की अज्ञान मूल ज्या जिल्ह्यात नेहमी राहतं, त्याच जिल्ह्याच्या कोर्टानं त्याचा निवाडा करायचा. तू जळगाव जिल्ह्यातला, बायको धुळे जिल्ह्यातली. पोरगी इथली ठरली तर खटला माझ्या हातात. तिथली ठरली तर कागद उचलायचे आणि धुळ्याला जायचं."

"मग धुळ्याला जाऊ, नाना."

"जाशील रे! पासिंजरमध्ये बसायला कोणाची मनाई आहे? पण पोरगी नरडाण्याला राहते, असं एकदा कोर्टाच्या तोंडून निघालं, की अर्धा निकाल तिथंच लागला म्हणून समज. शाळा तिथली, आई तिथली, मैत्रिणी तिथल्या. धुळ्याचा जज्ज म्हणेल, रुळलेलं लेकरू उपटायचं कशाला? आणि खर्च देण्याचा हुकूमसुद्धा तिकडूनच निघेल. तू पैसे पाठवायचे आणि भिंतीवर फोटो बघायचा."

अंगणातल्या निंबाखाली यशोदा बसली होती आणि तिच्या मांडीला टेकून कोकिळा राजगिऱ्याचा लाडू खात होती. ओट्यावर बाप दिसताच तिने लाडूचा हात वर करून हलवला. पितांबरनेही हात वर केला.

"हात नको हलवूस," नाना पुटपुटले. "सामनेवाली आहे ती."

"पोरगी सामनेवाली नाही, नाना."

"हे एक बरोबर बोललास," नाना म्हणाले आणि विडा दुसऱ्या गालात घेतला.

वस्तुतः या संसारात भांडणाला शोभेल असे कारण कधी नव्हतेच. पितांबर धरणगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. वडील गेल्यावर थोडी जिरायत जमीन आणि आई भिकुबाई, एवढे त्याच्याकडे आले. यशोदेचे माहेर दोंडाईच्याकडचे. लग्नाआधी ती डी.एड. झाली होती आणि लग्नाआधीच तिने धुळे जिल्हा परिषदेत शिक्षिकेसाठी अर्ज केला होता. हुकूम आला तो हळदीचा रंग हातावरून जायच्या आत. त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. जिल्हा परिषदेची नोकरी जिल्ह्याच्या शिवेपाशी संपते, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर तिथे जागा असावी लागते, इथल्यांनी सोडावे लागते, आणि एवढे जमून आलेली बाई तिथे ज्येष्ठतेच्या रांगेत सर्वांच्या मागे उभी राहते. यशोदेने बदली मागितली, पुन्हा मागितली, शेवटी मागायचे सोडले. धरणगाव आणि नरडाणा यांच्यामध्ये रेल्वेचा एकच रूळ धावतो, आणि सुरतेकडे जाणारी पासिंजर अमळनेर, बेटावद घेत कोणालाही न विचारता जिल्हा ओलांडते. माणसांना ते जमले नाही.

सुरुवातीला यशोदा शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परते. कोकिळा झाल्यावरही काही महिने हा क्रम चालला. एकदा गाडी अमळनेरच्या अलीकडे तासन् तास थांबली आणि तापाने फणफणलेले लेकरू घेऊन ती डब्यात बसून राहिली. त्यानंतर तिने येणे बंद केले. "आता तुम्ही या," ती म्हणाली. पितांबर म्हणाला, "हंगामात फॅक्टरी एक दिवस सोडत नाही. नोकरी कोणी सोडायची ते तू ठरव." दोघांचेही म्हणणे खरे होते. खऱ्या म्हणण्यांचे भांडण मिटता मिटत नाही, कारण माघार घेणाऱ्याला आपण खोटे ठरू असे वाटते. फारकत कोणी मागितली नाही. कोणी कोणाला वाईटही बोलले नाही. कोकिळा शाळेत जाण्याच्या वयाची झाली आणि तिचे नाव नरडाण्याच्या शाळेत घातले गेले, तेव्हा मात्र पितांबरच्या काळजात काहीतरी तुटले. धरणगावच्या शाळेचे फाटक त्याच्या घरातून दिसे. त्याने अर्ज केला.

आणि आता कानबाई.

नानांच्या घरी कानबाई बसत असे, पितांबरच्याही घरी बसत असे, म्हणूनच खटल्यात तिचा मुद्दा निघाला. पुण्या-मुंबईच्या वकिलाला तो सात जन्मांत सुचला नसता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, धुतलेल्या चक्कीवर दळायचे आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायचे. रोट खाण्याचा हक्क फक्त घरच्यांचा. परक्याला तो मिळत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही मिळत नाही, आणि उंबरठ्याबाहेर तर तो जातच नाही. भिकुबाई दर वर्षी आपली मूठ घाले, लेकाची घाले, मग सुनेचे नाव घेऊन एक आणि नातीचे नाव घेऊन एक. हनीफभाई चक्कीवाला त्या दिवशी पहाटेच चक्की धुऊन बसलेला असे. "पितांबरभाऊ," तो म्हणे, "घरात माणसं दोन आणि दळण चौघांचं. तुमची देवी आशा सोडत नाही हां!"

पितांबरने हे सहज सांगितले तेव्हा नाना खुर्चीतून अर्धे उठले होते. "अरे, मग पुरावा पुरावा म्हणून काय बसलास? रेशनकार्डात कोणीही कोणाचं नाव घालतं. कानबाईच्या मुठीत खोटं नाव घालायची छाती आहे कोणाची? पोरगी नोकरीपायी आईबरोबर तात्पुरती तिकडे आहे, घर तिचं धरणगावला आहे, देवीच्या दरबारात तिची हजेरी धरणगावला लागते! रोट खाते ना ती?"

"खाते."

"झालं तर! कोणी विचारलं कुठे, तर म्हणायचं, घरचा रोट घरीच खातात. त्यात खोटं काय आहे?"

त्यात खोटे काहीच नव्हते. पितांबरने मान डोलावली होती आणि एक गोष्ट सांगायची टाळली होती.

अकराच्या सुमारास पुकारा झाला. न्यायाधीश विदर्भातले, नव्याने बदलून आलेले. चेहरा कोरडा, आवाज खालचा. जवळच्या चौकात गणपती बसला होता, त्याच्या कर्ण्याचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि पंखा संथ फिरत होता. पितांबर पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ झाली. मागच्या बाकावर भिकुबाई लुगड्याचा पदर घट्ट ओढून बसली होती. पलीकडच्या बाकावर यशोदा, आणि तिच्या शेजारी पाय लोंबकळत ठेवून कोकिळा.

नानांनी सराईतपणे गाडी रुळावर आणली. "यंदाच्या श्रावणात कोकिळाची मूठ कुठे घातली?"

"धरणगावला. आमच्या घरी."

"मागच्या वर्षी?"

"धरणगावलाच."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "मूठ म्हणजे काय?"

नानांनी सांगितले. खाली बसलेला शिरस्तेदार धरणगावच्याच बाजूचा असावा. तो प्रत्येक वाक्याला मान हलवीत होता. न्यायाधीशांनी ते पाहिले. "म्हणजे हा रहिवासाचा पुरावा, असं आपलं म्हणणं आहे?"

"आमच्या भागात याहून मोठा पुरावा नाही, साहेब," नाना म्हणाले. "माणूस ज्या घरचं, त्या घरी त्याची मूठ. ज्याची मूठ नाही तो पाहुणा."

"लिहून घेतो," न्यायाधीश म्हणाले. पटले की नाही, ते चेहऱ्यावर उमटले नाही.

नाना समाधानाने खाली बसले आणि यशोदेचे वकील उठले. धनसिंग गिरासे धुळ्याचे, वयाने तरुण. त्यांनी अंगावरचा झगा सारखा केला आणि अतिशय नम्रपणे सुरुवात केली.

"पितांबरभाऊ, आमच्याही घरी कानबाई बसते. रोटाचे नियम आपल्या दोघांनाही माहीत आहेत. यंदा कोकिळाच्या नावाचा रोट झाला?"

"झाला."

"कोणी खाल्ला?"

"कोकिळानं."

"कुठे?"

पितांबरचे तोंड उघडले. घरचा रोट घरीच खातात. वाक्य जिभेवर तयार होते, खरे होते, आणि त्यातला एकही शब्द कोणाला खोडता आला नसता. त्याने समोर पाहिले. कोकिळा बाकाच्या काठावर सरकून बसली होती. वर्गात आपल्याला येणारा प्रश्न दुसऱ्याला विचारला जावा, तशी तिची मुद्रा होती.

तो रोट त्यानेच नेला होता. कानबाईचे विसर्जन झाले त्या सोमवारी, आई आवराआवर करीत असताना, पितळी डब्यात रोट आणि त्यावर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. पिशवीत डबा, डब्यावर धोतराचे धुतलेले फडके, आणि दुपारची पासिंजर. असे तो दर श्रावणात करीत आला होता. नियम मोडल्याबद्दल बेटावद मागे पडेपर्यंत देवीची क्षमा मागून तो दमून जाई. नरडाण्याला यशोदेने भाड्याने घेतलेली माडी होती; जिन्याच्या खालच्या पायरीवर तो बसे, वर जात नसे. यंदा कोकिळाने रोटाचा पहिला तुकडा मोडून त्याच्या तोंडात कोंबला, दुसरा आपल्या, आणि तिसरा हातात धरून ती जिना चढून गेली. थोड्या वेळाने यशोदा खाली आली. लग्न झालेली म्हणून माहेरचा रोट तिला नव्हता, आणि धरणगावला येणे थांबल्यापासून सासरचाही तिच्यापर्यंत आला नव्हता. तो तुकडा तिच्या तळहातावर तसाच होता.

"माझी मूठ घातली होती?" तिने विचारले होते.

"आई दर वर्षी घालते."

ती तिथेच, त्याच्याहून दोन पायऱ्या वर बसली आणि तिने तो तुकडा खाल्ला. कोकिळाने तेवढ्यात भाजीचा हात भिंतीला पुसला आणि दोघेही तिला एकदम रागावले.

"साक्षीदारांनी उत्तर द्यावं," न्यायाधीश म्हणाले.

पितांबरला जे वाटले ते पाप-पुण्याचे नव्हते, आणि शपथेचेही फारसे नव्हते. घरचा रोट घरी, म्हणजे धरणगावला खाल्ला, असे आपण म्हटले तर कोकिळा आपल्याला खोटे समजणार नाही, हे त्याच्या लख्ख ध्यानात आले. ती सहा वर्षांची होती. बाप सांगतो म्हणजे तसेच असेल. आपणच चुकलो, असे ती मानील. पायरी, डबा, भिंतीवरचा पिवळा हात, दोघांचे एकदम रागावणे, हे सगळे कधी झालेच नाही असे ती स्वतःला समजावील. ते त्याला सोसणार नव्हते. खटला गेला तर गेला. तो दिवस तिचा होता.

"नरडाण्याला," तो म्हणाला.

नानांच्या गालातला विडा हलायचा थांबला.

"नरडाण्याला कसा गेला? रोट तर उंबरठ्याबाहेर जात नाही."

"मी नेला. पासिंजरनं. डब्यात घालून."

"या वर्षीच?"

"दर वर्षी."

"नियम माहीत असून का नेलात?"

पितांबरला हा प्रश्न विचित्र वाटला. याचे उत्तर तर कोणालाही ठाऊक असायला हवे. "ती तिथं राहते ना," तो म्हणाला. "तिच्या वाट्याचा रोट तिला नको मिळायला?"

गिरास्यांपाशी आणखी प्रश्न लिहून आणलेले असावेत. ते कागद त्यांनी मिटले. "माझं काही नाही, साहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि बसले.

न्यायाधीशांनी कोकिळाला जवळ बोलावले. ती आईकडे बघून उठली, बापाकडे बघून पुढे आली.

"नाव काय तुझं?"

"कोकिळा पितांबर बोरसे, इयत्ता पहिली."

"राहतेस कुठे?"

"नरडाण्याला. माडीवर. पण पाणी खालून आणावं लागतं."

"आणि धरणगाव माहीत आहे का?"

"हो!" कोकिळा म्हणाली. "आप्पा तिथून येतात."

न्यायाधीशांनी लेखणी टेबलावर ठेवली, तिला जायला सांगितले, आणि निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर देतो म्हणाले.

बाहेर ओट्यावर आल्यावर नानांनी विडा थुंकला. "पितांबर," ते म्हणाले, "तीस वर्षं झाली वकिली करतोय. साक्षीदार फुटलेला पाहिला, फितूर झालेला पाहिला. स्वतःचाच दावा स्वतः डब्यात घालून, भाजीसकट सामनेवालीच्या घरी पोचवणारा अर्जदार आज पहिल्यांदा पाहिला."

"चुकलं नाना."

"चुकलं तर चुकलंच!" नाना गरजले, मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "माझी धाकटी लेक दिली आहे सुरतेला. तिला कधी डबा नेऊन द्यायचं सुचलं नाही मला. जा, आईला पाणी दे. ऊन लागलंय तिला."

पितांबर आईसमोर जाऊन उभा राहिला. खटल्यापेक्षा याच क्षणाची त्याला अधिक धास्ती होती. भिकुबाई कधी देवाचा दिवा विझू न देणारी, ओवळ्याने चुलीजवळ फिरकू न देणारी बाई. तो खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

"माय, मी रोट बाहेर नेला."

"माले माहीत शे," भिकुबाई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिलाच वरीसपाईन. डबा घरमा नही, तू घरमा नही. मी काय आंधयी शे?" तिने पदराने त्याचे तोंड पुसले, जरा जोरानेच, लहानपणी पुसत असे तसे. "म्हणून तर तिना रोट मी जाड थापस. पातळ रोट गाडीमा तुटी जास."

"मग बोललीस का नाही?"

"तू चोरीन लई जास, मंग मी कसी बोलू?" भिकुबाई म्हणाली. "आते रडू नको. बठ्ठा लोक देखतस."

यशोदा निंबाखालून उठून आली होती. तिने आधी वाकून सासूला नमस्कार केला; भिकुबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोकिळाला ओढून मांडीवर घेतले आणि तिच्या वेण्या कशा सैल घातल्या आहेत यावर लगेच नापसंती दर्शवली. नवराबायको ओट्याच्या टोकाला उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर उभे राहिल्यामुळे दोघांनाही हातांचे काय करावे ते कळेना.

"गिरासेसाहेबांनी कोकीच्या खर्चाचा अर्ज तयार करून ठेवलाय," यशोदा म्हणाली. "मी राहते तिकडच्याच कोर्टात तो करता येतो म्हणाले. मी अजून सही केली नाही."

"कर सही. मी देईन. दर महिन्याला मनीऑर्डर करीन."

"मनीऑर्डर घेऊन पोस्टमन येतो," यशोदा म्हणाली. "माणूस चांगला आहे, पण कोकीला त्याचं काय कौतुक? द्यायचं ते तुम्ही आणून द्या."

पितांबर म्हणाला, "दिवाळीनंतर हंगाम लागतो. कापूस आला की रविवारसुद्धा नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. हंगामात मी आणीन तिला. शनिवारची शाळा सकाळची असते. अमळनेरपर्यंत मी येईन, तिथून पुढे तुम्ही न्या. शनिवारी तेवढी रात्रपाळी मागून घ्या, म्हणजे दुपार मोकळी राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती धरणगावला."

"आणि तू?"

यशोदेने निंबाकडे पाहिले. "मी अमळनेरहून परत फिरायचं की पुढे यायचं, ते तेव्हा बघू. गाडी वेळेवर आहे की नाही त्यावर."

"ती कधीच वेळेवर नसते."

"मग बसावंच लागेल तुमच्याबरोबर फलाटावर," ती म्हणाली. हसू नये म्हणून तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता, ते पितांबरला दिसले, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती असेच करी, हेही त्याला आठवले.

"माडीवर येऊ ना यापुढे?" त्याने विचारले.

"पायरीवर बसायला मी कधी सांगितलं होतं?"

हे खरेच होते. तिने कधी सांगितले नव्हते. एवढा काळ आपण कोणाचा मान राखीत खालच्या पायरीवर बसलो, याचा पितांबरला काही केल्या उलगडा होईना.

पुन्हा पुकारा झाला. न्यायाधीश स्थानापन्न झाले. त्यांनी कागद पुढे ओढले, पण लगेच सांगायला सुरुवात केली नाही.

"नाना, आपले अशील धुळ्याच्या न्यायालयात अर्ज करणार आहेत का?"

नाना उठले. "तशी सूचना मी घेतो, साहेब," ते म्हणत होते तोच पितांबर उभा राहिला. परवानगी न घेता बोलू नये हे त्याला सकाळीच बजावून सांगितले होते.

"नाही साहेब. धुळ्याला नाही जाणार. मी नरडाण्याला जाणार आहे, रविवारी."

"रविवारी न्यायालय बंद असतं," न्यायाधीश म्हणाले.

"म्हणूनच, साहेब."

शिरस्तेदाराने तोंडावर रुमाल धरला. न्यायाधीशांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि गिरास्यांकडे वळून विचारले, "मुलीला वडिलांना भेटण्याबाबत आपल्या अशिलाची काही हरकत?"

"नाही साहेब," गिरासे म्हणाले. "शनिवार-रविवार आणि सुट्ट्या. त्यांनी आपसात ठरवलं आहे. खर्चाचंही ठरलं. लेखी द्यायला तयार आहेत."

"लेखी आपल्या वकिलांपाशी ठेवा. मला ते लिहिण्याचा अधिकार आहे की नाही, तोच आजचा प्रश्न होता." त्यांनी लघुलेखकाला इंग्रजीत मजकूर सांगायला सुरुवात केली. तो पुष्कळ वेळ चालला. कलमे आली, मागच्या निकालांची नावे आली. पितांबरला त्यातले धरणगाव, नरडाणा आणि मधूनच एकदा कानबाई एवढेच शब्द ओळखता आले. मागच्या बाकावर भिकुबाईच्या मांडीवर कोकिळा पेंगत होती आणि तिच्या नव्याने घातलेल्या वेण्या भलत्याच घट्ट दिसत होत्या.

मजकूर संपला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पिंजऱ्याकडे नव्हे तर बाकांकडे पाहिले, आणि सर्वांना कळेल अशा मराठीत सांगितले,

"मुलगी नरडाण्याला आईजवळ राहते. हा अर्ज या न्यायालयात चालणार नाही."